थ्रॉटल रिस्पॉन्सचा बॉक्स लावावा का? गाडी लय आळशी झालीय

राजारामपुरी_नववी_गल्ली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज स्वतःच्या कामासाठी धागा काढतोय.

गाडी २०१८ ची, दीड लिटर टर्बो डिझेल, मॅन्युअल, ८२ हजार किमी झालेत. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, दिलं की धागा कंपन्यांच्या भांडणात जातो आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. तर गाडी अशी आहे की ऍक्सिलरेटर दाबला की ती आधी विचार करते, मग घरच्यांना विचारते आणि मग निघते. कावळा नाक्याला सिग्नल सुटला की मागचा रिक्षावाला हॉर्नवरच बसतो. त्यात आता सीझन चालू आहे, गगनबावडा रोडला ऊसाच्या डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर गाणी लावून पुढं चाललेला असतो, त्याला ओव्हरटेक करायचं म्हणजे अंबाबाईचं नाव घेऊन तिसरा टाकायचा आणि काय होतंय ते बघायचं.

मेव्हण्याकडं पण हीच गाडी आहे, त्यानं थ्रॉटल बॉक्स, म्हणजे ऍक्सिलरेटरच्या पेडलला जोडायचा डबा, लावलाय. मागच्या महिन्यात त्यानं तो काढून मला आठ दिवस वापरायला दिला. काय सांगू, गाडीच बदलली! परत दिला तेव्हा पोरीची पाठवणी केल्यासारखं झालं. दुकानदार १४ हजार सांगतोय. बायको म्हणते त्यापेक्षा घराला रंग द्या. जाणकारांनी सांगा, लावावा का, इंजिनला काही त्रास होतो का, मायलेज पडतं का.

डिझेलदादा_कागल

भावा डोळे झाकून लाव. माझ्या गाडीला दीड वर्ष झालं, बॉक्सच्या स्पोर्ट प्लस मोडवरच असते कायम. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. १४ हजारात जादा पॉवर कोण देतंय सांग की.

लेथवाला_उद्यमनगर

दादा, जादा पॉवर कुणीच देत नाही, हा बॉक्स तर नाहीच नाही. तो काय करतो ते सांगतो, मग पैसे कुठं घालायचे ते ज्याचं त्यानं बघावं.

जुन्या मारुती ८०० ला ऍक्सिलरेटरपासून कार्बोरेटरपर्यंत साधी केबल होती. पाय जेवढा दाबला तेवढी ती ओढली जायची, मध्ये कोण नाही. केबल सैल पडली की मिस्त्री नट फिरवून ताणून द्यायचा आणि गाडी पळायला लागली म्हणून आपण त्याला चहा पाजायचो. आता पायाखाली केबल नाही, सेन्सर आहे. बीएमडब्ल्यूनं हे १९८० च्या दशकाच्या शेवटी सेव्हन सिरीजला दिलं होतं, आता आपल्या हॅचबॅकला पण तेच असतं. पेडलच्या वर काळा डबा असतो, त्यातनं बहुतेक सहा वायरी निघतात, कारण सेन्सर एक नाही, दोन असतात. दोघांना वेगवेगळे ५ व्होल्ट, वेगळी अर्थिंगची वायर, वेगळा सिग्नल. बऱ्याच गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ते दोन्ही सारखे ताडून बघत असतो, मेळ बसला नाही की गाडीला गपगार करतो.

हा बॉक्स त्या पेडलच्या आणि ईसीयूच्या मध्ये बसतो. ईसीयू म्हणजे मालक आणि बॉक्स म्हणजे मधला एजंट. तू वीस रुपये मागितलेस की एजंट आत जाऊन चाळीस सांगतो, तुला वाटतं काय दिलदार माणूस आहे. पण तिजोरीत शंभरच आहेत. तू शंभर मागितल्यावर एजंटनं आत दीडशे सांगितले तरी हातात शंभरच येणार. पूर्ण पाय दाबल्यावर बॉक्स असला काय नसला काय, गाडी तीच.

आणि टर्बो लॅग, म्हणजे टर्बो जोर धरेपर्यंतचा उशीर, तर त्याच्या हातात अजिबात नाही. दीड-पावणेदोन हजार आरपीएमच्या खाली टर्बोला फिरवायला एक्झॉस्टचा गॅसच पुरेसा नसतो, तिथं एजंट काय बोंबलणार? शिवाय कंपनीनं ईसीयूच्या आत स्वतःचं गाळण घातलेलं असतं, एकदम टॉर्क सोडला तर गाडी हिसके मारते, गिअरबॉक्सला दणका बसतो, धूर जातो, म्हणून. ते गाळण बॉक्सच्या पुढं आहे, बॉक्सला तिथं हात घालता येत नाही.

तोटा एवढाच की अर्ध्या-पाऊण पायातच सगळं संपतं. उरलेला पेडल नुसता पाय टेकायला.

राजारामपुरी_नववी_गल्ली

लेथवाला साहेब, समजलं, पण माझा अनुभव वेगळा आहे. मी मोजलंय. कळे सोडल्यावर मोकळा रस्ता आहे, सकाळी सहाला कोण नसतं. तिसरा गिअर, ४० ते ८०, पाय पार तळापर्यंत. बॉक्स नसताना साडेआठ सेकंद, स्पोर्टवर साडेसात. तीन-तीन वेळा केलं. आता फुल दाबल्यावर काहीच फरक नसतो म्हणता तर हा एक सेकंद कुठनं आला?

डिझेलदादा_कागल

बघाआआआ 😄 जाळ अन् धूर संगटच. बोला आता लेथवाले.

लेथवाला_उद्यमनगर

स्टॉपवॉच कुणाच्या हातात होतं?

राजारामपुरी_नववी_गल्ली

मेव्हण्याच्या. पण तो इमानदार आहे.

लेथवाला_उद्यमनगर

ज्याचा बॉक्स त्याच्याच हातात घड्याळ. बरं.

मॉडरेटर_तात्या

सार्वजनिक रस्त्यावर असल्या चाचण्या करू नका बाबांनो, सकाळी सहाला पण दूधवाले असतात. हौस असेल तर मोहितेंच्या ट्रॅकवर जाऊन कार्ट फिरवा. चर्चा चालू ठेवा.

ताराबाई_पार्कची_ताई

माझं पण ऐका जरा, कारण एका गाडीला दोन ड्रायव्हर असतात हे तुम्हा लोकांच्या ध्यानातच नसतं.

आमच्या ह्यांनी असाच बॉक्स आणून बसवला, मला सांगितलं पण नाही. रविवारी ते स्पोर्ट प्लसवर जोतिबाला जाऊन आले आणि तशीच गाडी लावली. सोमवारी मी पार्किंगमधनं मागं घ्यायला गेले, रोजच्या सवयीनं पाय टेकवला तर गाडी मागच्या मागं उडी मारून थेट तुळशी वृंदावनाच्या अर्ध्या फुटावर. शेजारच्या काकू तिथंच फुलं तोडत होत्या! त्या दिवशी घरात काय झालं ते इथं लिहीत नाही.

आता बॉक्स आहे, पण नियम केलाय, गाडी बंद करायच्या आधी नॉर्मलवर आणायची. बॉक्स शेवटचा मोड लक्षात ठेवतो आणि त्यानंच चालू होतो, निदान आमचा तरी. ज्यांच्या घरी पोरगं नवीन गाडी शिकतंय त्यांनी तर लावूच नये. आणि ह्यांना विचारलं तर अजूनही म्हणतात तुला क्लच नीट सोडता येत नाही.

पुण्यात_अडकलेला_पेठकर

ताईंना साष्टांग 🙏

माझी ऑटोमॅटिक आहे, तिथला हिशोब थोडा वेगळा पडतो. गिअर कधी खाली टाकायचा हे गाडी बऱ्याच अंशी पेडल किती टक्के आहे ते बघून ठरवते. बॉक्सनं टक्के वाढवून सांगितले की ती लवकर खालचा गिअर टाकते, वरचा उशिरा टाकते, त्यामुळं खरंच चपळ वाटते. पण मग चांदणी चौकाच्या चढाला आरपीएम उगाच वर राहतं आणि डिझेलचा काटा खाली येतो. मी तीन महिने वापरून काढून ठेवला. हल्ली कितीतरी गाड्यांना कंपनीच मोड देते, एक्सयूव्ही ७०० च्या डिझेलला झिप, झॅप, झूम आहे, नेक्सॉनला इको, सिटी, स्पोर्ट आहे. ज्यांच्या गाडीत बटण आहे त्यांनी आधी ते दाबून बघावं, तेवढ्यासाठी १४ हजार कशाला.

मायलेजचं म्हणाल तर बॉक्सच्या इको मोडमध्ये जादू काही नाही, पेडल उलटा आळशी होतो आणि आपण कमी दाबतो, एवढंच. तुमचा पाय सुधारला तर फुकटात होतंय ते.

घाटकर_राधानगरी

मी बॉक्सच्या विरोधात नाही, पण बसवण्याच्या विरोधात आहे, म्हणजे कुणाकडनं बसवताय त्याच्या. एक किस्सा सांगतो.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये कणकवलीहून परत येत होतो, फोंडा घाट चढायला लागलो. धुकं एवढं की बॉनेटच्या पुढचं दिसंना, पाऊस कसा लागलाय ते आपल्याकडच्यांना सांगायची गरज नाही. गाडीत आई, बायको आणि मागं आंब्याच्या लोणच्याची बरणी. निम्म्या चढाला एका वळणावर पिवळा इंजिन लाइट लागला आणि ऍक्सिलरेटर मेला. म्हणजे गाडी बंद नाही, इंजिन चालू, पण पाय कितीही दाबा, हजार-बाराशेच्या वर जाईना. मागनं एसटी. पहिला टाकून, रांगत रांगत कसंबसं एका रुंद जागेला कडेला आलो. एसटीवाल्या ड्रायव्हरनं खाली उतरून मागं दगड लावला, भला माणूस.

मोबाईलचा टॉर्च लावून पायाखाली वाकलो तर बॉक्सचा कनेक्टर पेडलच्या डब्यात पूर्ण बसलाच नव्हता. लॉकची चिमटी तुटली होती आणि बसवणाऱ्या दुकानदारानं त्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती! ती टेप दमटपणानं सुटून लोंबत होती. घाटातल्या हादऱ्यानं कनेक्टर हलला, दोन सेन्सरचा मेळ तुटला आणि ईसीयूनं स्वतःला जपलं. नंतर स्कॅनरवर पी २१३८ कोड आला, तोच, दोन सिग्नल जुळत नाहीत म्हणणारा.

बॉक्स काढला, मूळची पिन परत टक् आवाज येईपर्यंत दाबली, चावी काढून पाच मिनिटं थांबलो, स्टार्टर मारला, गाडी ठीक. दाजीपूरला येऊन चहा घेतला तेव्हा हात थरथरत होते. दुकानदाराकडं गेलो तर म्हणतो पावसाळ्यात घाटात जायचं कशाला. ह्याला काय म्हणावं?

सर्व्हिस_सल्लागार_एमएच०९

घाटकरांच्या किस्स्यात ईसीयूनं बरोबर काम केलं हे लक्षात घ्या. दोन सेन्सर दिलेत ते यासाठीच, शंका आली की वेग द्यायचा नाही, काढून घ्यायचा. म्हणूनच ज्या स्वस्त बॉक्समधनं दोन्ही सिग्नल नीट जोडीनं जात नाहीत, त्याच्या वाटेला जाऊ नये. पेडलची पिन काढताना चावी बंद, गाडी लॉक करून थोडा वेळ थांबायचं, मगच हात लावायचा. चालू इग्निशनवर पिन ओढली की लाइट लागलाच म्हणून समजा.

दुसरं, लोक तीन गोष्टींची खिचडी करतात. रीमॅप म्हणजे ईसीयूच्या आतलं सॉफ्टवेअर बदलणं, तिथं डिझेल, बूस्ट सगळं बदलतं, पॉवर खरी वाढते आणि क्लच, टर्बोवरचा ताण पण खरा वाढतो. ट्यूनिंग बॉक्स म्हणजे डिझेलच्या रेल प्रेशरच्या, म्हणजे इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलच्या दाबाच्या, सेन्सरला फसवणं, तो पण इंजिनमध्ये हात घालतो. थ्रॉटलचा बॉक्स यातलं काहीच करत नाही, तो फक्त पायाला फसवतो. त्यामुळं इंजिन खराब होईल ही भीती उगाच आहे. वॉरंटीतली गाडी असेल तर मात्र लावू नका, वायरिंगचा काही क्लेम आला आणि तिथं बाहेरची वस्तू लटकत दिसली तर वाद घालत बसाल.

धागाकर्त्यासाठी: ८२ हजाराला गाडी अचानक आळशी झाली असेल तर आधी एअर फिल्टर, इंटरकूलरचा पाइप कुठं फाटलाय का, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीनं भरलाय का, क्लच घसरतोय का, टायरात हवा किती, हे बघा. आळशी *झाली* का पहिल्यापासून *आहे*, हा प्रश्न आहे.

राजारामपुरी_नववी_गल्ली

खरं सांगायचं तर पहिल्यापासून नव्हती. दिवाळीनंतरच जास्त जाणवायला लागलंय. एअर फिल्टर दिवाळीच्या सर्व्हिसिंगलाच बदलला, हवा ३३ आहे.

लेथवाला_उद्यमनगर

रविवारी गाडी घेऊन शॉपवर ये. मेव्हण्याला म्हणावं बॉक्स घेऊन ये, घड्याळ नको.

डिझेलदादा_कागल

मी पण येणार. माझ्या बॉक्सला नावं ठेवणाऱ्यांचं तोंड बघायला.

लेथवाला_उद्यमनगर

झाली चाचणी. सविस्तर लिहितो, कारण निकाल मला पण अपेक्षित नव्हता.

गाडी शॉपमध्ये उभी, इंजिन बंद, इग्निशन ऑन. ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर जोडायच्या, पोर्टला साधा ब्लूटूथ डोंगल लावला आणि मोबाईलवर पेडल पोझिशनचा आकडा काढला. पाय नसताना पण ऍप १५ टक्के दाखवतं, घाबरू नका, तो सेन्सरचा कच्चा व्होल्टेज असतो, शून्यापासून सुरू होत नाही. पाय अंदाजानं दाबून चाचणी होत नसते, म्हणून मी शनिवारीच माझ्या स्वतःच्या गाडीवर माप घेऊन एमएसचे (साध्या लोखंडाचे) तीन ठोकळे लेथवर मापात फेस करून ठेवले होते, पेडलच्या मागं एक ठोकळा ठेवला की पेडल पाव अंतरावर अडतो, दुसऱ्यानं निम्म्यावर, तिसऱ्यानं पाऊणवर. माझी गाडी पण ह्याच मॉडेलची आहे.

आधी माझी गाडी, बॉक्स नाही. मोकळा १५, पाव ३१, निम्मा ४७, पाऊण ६२, फुल ७८. सरळ रेषेत, कॉलेजच्या ग्राफसारखं. मग त्याच गाडीला मेव्हण्याचा बॉक्स, स्पोर्टवर. मोकळा १५, पाव ४४, निम्मा ६६, पाऊण ७७, फुल ७८. म्हणजे मी जे सांगितलं तेच. पाव पायाला अर्ध्याचा माल, पाऊणनंतर काहीच शिल्लक नाही, आणि शेवटचा आकडा जिथल्या तिथं. डिझेलदादा इथपर्यंत गप्प होते.

मग धागाकर्त्याची गाडी घेतली, बॉक्स नाही. मोकळा १५. पावचा ठोकळा मागं घालायला गेलो तर बसेना, मी म्हटलं बघू नंतर. फुल दाब म्हटलं. ह्यानं दाबला. ६१. म्हटलं नीट दाब. तो म्हणतो पार तळाला टेकलाय. जोर लावला, ६२. म्हणजे पाऊणच!

वाकून बघितलं तर पायाखाली दोन बोटं जाडीचा तो लेदरचा गादीसारखा मॅट, त्यावर परत दोऱ्यांची हिरवळ. पेडल खाली येऊन त्या मॅटवर टेकत होता. गाडीला आजवर, म्हणजे दिवाळीपासून, शंभर टक्के कधी मिळालेच नाहीत.

बॉक्स लावला, मॅट तसाच ठेवला, फुल दाब. ७७!

आता कळलं तो एक सेकंद कुठनं आला ते? मेव्हण्याचं घड्याळ बरोबर होतं, मी त्याची माफी मागतो. पाऊण पेडलला एजंट जवळजवळ शंभर सांगत होता, म्हणून ह्याची गाडी खरंच जोरात पळत होती. मॅट काढला, बॉक्स काढला, फुल दाब, ७८.

डिझेलदादा_कागल

आयला 😂😂 म्हणजे बॉक्सनं पॉवर वाढवली की नाही? वाढवली! मी बरोबर होतो.

लेथवाला_उद्यमनगर

मॅट लावून मोजायचं ठरवलं तर तू बरोबर.

सर्व्हिस_सल्लागार_एमएच०९

हसण्यावारी नेऊ नका. आज मॅट पेडलच्या खाली होता म्हणून गाडी हळू पळाली. तोच मॅट पुढं सरकून पेडलच्या वर अडकला असता तर पेडल दाबलेलाच राहिला असता. अमेरिकेत २००९ च्या सुमाराला टोयोटानं मॅट पेडलमध्ये अडकतो म्हणून लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. आधी सगळ्यांचा संशय इलेक्ट्रॉनिक्सवर गेला, पार नासाचे इंजिनिअर तपासायला बसवले, २०११ मध्ये अहवाल आला तेव्हा इलेक्ट्रॉनिक्समध्ये तसा दोष सापडला नाही. कंपनीच्या मॅटला खाली हुक असतो तो उगाच नसतो. मॅटवर मॅट कधीच टाकायचा नाही.

ताराबाई_पार्कची_ताई

आत्ता खाली जाऊन बघून आले. आमच्याकडं पण मॅटवर मॅट आहे. ह्यांना बोलावते.

राजारामपुरी_नववी_गल्ली

मंडळी, सगळ्यांचे आभार, लेथवाले साहेबांना तर घरी जेवायला बोलावलंय. मॅट काढून काल गगनबावड्याला जाऊन आलो, असळजच्या अलीकडं दोन ट्रॉल्या एका दमात काढल्या, गाडी २०१८ मध्ये होती तशी पळतीय. सुरुवातीचा थोडा आळस अजून आहे, पण तो दोन हजाराच्या खालचा आहे, तिथं आता मी चौथ्यात रेटायचं सोडून तिसरा टाकतो. बॉक्स घेत नाही. घराला रंग लागणार, बायकोनं आकाशी ठरवलाय.

मॅट गच्चीत टाकलाय, त्यावर मांजर झोपतंय, साडेचार हजाराची गादी आहे म्हणजे झोप लागणारच.

पुण्यात_अडकलेला_पेठकर

एक शंका. मेव्हण्याची पण हीच गाडी, तो बॉक्सवर एवढा खूष. त्याच्या गाडीत मॅट कुठला आहे?

राजारामपुरी_नववी_गल्ली

तोच. दिवाळीत दोघांनी एकाच दुकानातनं घेतला, जोडीवर सूट होती म्हणून. बॉक्स त्यानं त्यानंतर महिन्याभरानं लावला.

सांगितलं त्याला रात्री फोन करून. म्हणतो मॅट पण काढणार नाही आणि बॉक्स पण काढणार नाही, माझी गाडी झक्कास पळतीय, तुम्ही तुमचं बघा.